अंधाऱ्या खोलीत झाड खरे ठेवावे की प्लास्टिकचे?

घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर असो, अंधेरी-मुलुंडच्या वस्त्या असोत, की बोरिवलीच्या एसआरए इमारतीचा खालचा मजला असो, आपल्या अनेक घरांत भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागते. समोरच्या घराची भिंत हाताच्या अंतरावर असते आणि खिडकी असली तरी ती गल्लीत उघडते. अशा घरातही थोडी हिरवळ असावी असे वाटणे साहजिक आहे. पण नर्सरीतून आणलेले रोप महिनाभरात पिवळे पडते आणि बाजारात शंभर-दोनशे रुपयांत प्लास्टिकची वेल मिळते. दोन्हींतले काय निवडावे, ते आरोग्याच्या बाजूने पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू

"स्नेक प्लांट ठेवा, घरातली हवा शुद्ध होते" असे संदेश मोबाइलवर सतत फिरतात. त्यामागे 'नासा'चा १९८९ सालचा एक अभ्यास आहे. तो प्रयोग लहान हवाबंद पेट्यांत झाला होता. आपले घर हवाबंद पेटी नाही. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. इमारतीत नेहमीच्या हवा खेळण्याने जेवढी हवा स्वच्छ होते, तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे तर दर चौरस मीटरला किमान १० झाडे लागतील, आणि काही घटकांसाठी १००० पर्यंत, असे त्यांना आढळले. आपली दहा बाय बाराची खोली सुमारे ११ चौरस मीटर भरते. म्हणजे कमीत कमी ११० कुंड्या हव्यात. मग माणसांनी राहायचे कुठे?

झाड रात्री ऑक्सिजन देते, हीही अशीच ऐकीव गोष्ट आहे. झाड ऑक्सिजन तयार करते ते उजेडातच. रात्री खोलीत कुंडी असल्याने फायदा नाही, आणि एक-दोन कुंड्यांनी नुकसानही नाही.

हे सांगण्याचे कारण गंभीर आहे. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेला अभ्यास २०१८ साली पुढे आला. इमारती एकमेकींना खेटून असल्यामुळे जिथे ऊन आणि वारा पोहोचत नाही, तिथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक दिसले. अशा घराला झाडाआधी हवा हवी. दिवसातून काही तास दार-खिडकी समोरासमोर उघडी ठेवा, स्वयंपाक करताना एक्झॉस्ट पंखा चालवा आणि खिडकीसमोर सामान रचू नका. पुनर्विकासात घर मिळणार असेल तर लाद्यांच्या रंगाआधी खिडकी कुठे उघडते आणि समोरची इमारत किती दूर आहे, हे विचारा.

मग झाड ठेवायचे कशाला? डोळ्यांना आणि मनाला बरे वाटते म्हणून. घरातल्या मुलाला रोज एका जिवंत गोष्टीची काळजी घ्यायची सवय लागते म्हणून. एवढी कारणे पुरेशी आहेत.

उजेड कसा मोजाल?

दुपारी बाराच्या सुमारास दिवे बंद करा. जिथे झाड ठेवायचे तिथे पांढरा कागद धरा आणि त्याच्या फूटभर वर हात धरा. सावली ठळक पडली तर उजेड चांगला आहे. पुसट पडली तर कमी उजेडात तग धरणारी झाडे जगतील. सावली दिसलीच नाही तर तिथे दिव्याशिवाय कोणतेही झाड टिकणार नाही.

पुसट सावलीच्या जागी मनी प्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट आणि अॅग्लोनेमा चालतात. मनी प्लांट विकत घेण्याचीही गरज नाही; शेजारच्या वेलीची एक-दोन पेरे असलेली फांदी मातीत लावली की ती धरते. तुळस, कोरफड, गुलाब ही उन्हाची झाडे आहेत, ती आत ठेवू नका. पिंपळाचे रोप श्रद्धेने घरात आणले जाते. त्यालाही भरपूर ऊन लागते आणि त्याची मुळे भिंतीला तडे पाडतात. त्याची जागा विहाराच्या अंगणात किंवा मोकळ्या मैदानात.

घरात दिवसभर ट्यूबलाइट चालूच असेल तर कुंडी तिच्या जवळ ठेवा. २० वॅटची एलईडी ट्यूब रोज दहा तास लावली तर महिन्याला सुमारे सहा युनिट वीज लागते. दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे. दोन कुंड्या करा. एक दाराबाहेर ओट्यावर, एक आत, आणि दर आठवड्याला त्यांची अदलाबदल करा.

अंधारातले झाड बहुधा तहानेने मरत नाही, जास्त पाण्याने मुळे कुजून मरते. बोट पेरभर मातीत घालून पाहा. ओल लागली तर पाणी देऊ नका.

खऱ्या झाडाचे दोन धोके

पहिला धोका डेंग्यूचा. तो पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. बाटलीतला मनी प्लांट, पाण्यातला बांबू आणि कुंडीखालची ताटली या त्याच्या आवडत्या जागा आहेत. महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरात आले की हेच तपासतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळे पाणी ओता. नुसते ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही काही महिने जिवंत राहतात. बाटली-ताटली आतून घासून धुवा. त्याहून बरे म्हणजे बाटलीतली वेल मातीत लावा.

दुसरा धोका लहान मुलांना. मनी प्लांट, झेडझेड, अॅग्लोनेमा आणि ठिपक्यांच्या पानांचे डिफेनबेकिया यांच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. रांगत्या बाळाने पान चावले तर तोंडाची आग होते, सूज येते. तोंडातला चोथा काढा, ओल्या फडक्याने पुसा, थोडे पाणी द्या. सूज वाढली, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास झाला तर वेळ न घालवता राजावाडी, कूपर अशा जवळच्या रुग्णालयात न्या. कुंडी बाळाच्या हाताला लागणार नाही अशी टांगावी.

प्लास्टिक निवडाल तर

सावलीच पडत नसेल, दिवा लावणे परवडत नसेल, किंवा पाणी बदलायला कोणाला सवड नसेल, तर प्लास्टिकचे झाड ठेवण्यात कमीपणा नाही. मरणाऱ्या रोपांवर दर महिन्याला पैसे घालवण्यापेक्षा ते बरे. पण त्यालाही काम आहेच. पाना-पानांत धूळ बसते आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर ती त्रास देते. दर पंधरा दिवसांनी साबणाच्या पाण्यात बुचकळून धुवा. कापडी पाना-फुलांपेक्षा धुता येणारे प्लास्टिक घ्या. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेजवळच्या कृत्रिम माळा मेणबत्ती आणि अगरबत्तीपासून लांब ठेवा. जुनी झाल्यावर त्या गल्लीत जाळू नका, तो धूर विषारी असतो. आणि वंदनेला शक्यतो खरे फूलच घ्या, मग ते एकच असो. फूल कोमेजते तसा हा देहही, हे पुष्पपूजेच्या गाथेतले चिंतन न कोमेजणाऱ्या फुलापुढे कसे करायचे?

थोडक्यात, पुसट का होईना सावली पडते आणि आठवड्यातून एकदा पाणी बघणारा माणूस घरात आहे, तर मातीत लावलेला मनी प्लांट ठेवा. यातले एकही नसेल तर धुता येणारे प्लास्टिकचे झाड ठेवा. दोन्ही वेळी खिडकी मात्र उघडी हवी.