रिचर्ड, मोर आणि मल्हार रामराव

ऑगस्ट २०१२मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका कार पार्किंगच्या डांबराखाली खोदकाम सुरू झालं आणि एक सांगाडा हाती लागला. कणा एका बाजूला वाकलेला, कवटीवर शस्त्रांचे घाव. फेब्रुवारी २०१३मध्ये लेस्टर विद्यापीठाने जाहीर केलं, की हा तिसरा रिचर्ड. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत पडलेला आणि दोन अल्पवयीन पुतण्यांचा खुनी म्हणून पाच शतकं बदनाम झालेला राजा. मी तेव्हा इतिहास घेऊन बी.ए. करत होते. बातमीच्या निमित्ताने सरांनी वर्गात जोसेफिन टे यांच्या 'द डॉटर ऑफ टाइम'चं नाव घेतलं आणि मी ती कादंबरी मिळवली. पुढे एम.ए.ला आणि संशोधन करू लागल्यावरही मी तिच्याकडे परत परत गेले.

कादंबरी १९५१ची. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ॲलन ग्रँट पाय मोडून इस्पितळात पडला आहे. वेळ जाता जात नाही म्हणून त्याची अभिनेत्री मैत्रीण त्याला जुन्या चित्रांच्या प्रती आणून देते. त्यातला एक चेहरा त्याला आरोपीच्या पिंजऱ्यातला नव्हे, न्यायासनावरचा वाटतो आणि तो निघतो रिचर्डचा! मग पलंगावर पडल्या पडल्याच तपास सुरू होतो. धावाधाव करतो तो ब्रिटिश म्युझियममध्ये कागद धुंडाळणारा एक अमेरिकन तरुण. पाठलाग नाही, मारामारी नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. पहिल्या वाचनात मी तर पूर्णपणे रिचर्डच्या बाजूने होते.

बी.ए.च्या त्या वयात मला हलवून गेली ती एक साधी गोष्ट. रिचर्डला राक्षस ठरवणारा मुख्य ग्रंथ सर थॉमस मोर यांचा. मोर सत्यनिष्ठेसाठी प्राण देणारे, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन. ग्रँट त्यांचं जन्मवर्ष बघतो: १४७८. म्हणजे रिचर्ड गादीवर आला तेव्हा मोर पाच वर्षांचे! मग ही माहिती आली कुठून? ग्रँटचं बोट जातं जॉन मॉर्टनकडे. मॉर्टन रिचर्डचा हाडवैरी, पुढे, बॉसवर्थला रिचर्डला हरवून गादीवर आलेल्या सातव्या हेन्री ट्यूडरच्या राज्यात आर्चबिशप झालेला आणि लहानपणी मोर याच्याच वाड्यात वाढलेले.

त्याहून पक्का मुद्दा 'टिट्युलस रेगियस'चा. १४८४च्या संसदेच्या या कायद्याने ते दोन्ही राजपुत्र, त्यांच्या बहिणींसह, अनौरस ठरले होते. हेन्रीला त्यांच्याच बहिणीशी लग्न करायचं होतं, म्हणून त्याने तो कायदा संसदेत वाचूही न देता रद्द केला आणि त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम सोडला. पण बहीण औरस ठरली की भाऊही औरस ठरणार, आणि ते जिवंत असतील तर गादीही त्यांचीच. मुलं नाहीशी होण्यात खरा लाभ कोणाचा, हा पोलिसी प्रश्न ग्रँट इथे विचारतो.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला संभाजी महाराज आठवल्याशिवाय राहत नाहीत. महाराजांचं व्यसनी, क्रूर असं चित्र ठसवलं ते मुख्यतः मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीने. ती १८१०च्या सुमाराची, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेली. आणि बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना महाराजांनीच हत्तीच्या पायी दिलेलं. मोरांचं लेखन शेक्सपिअरच्या नाटकापर्यंत झिरपलं, तशीच बखरीची छाया गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास'पर्यंत पोचली. ती दूर करायला वा. सी. बेंद्रे यांना अस्सल कागदांमागे आयुष्य घालवावं लागलं. त्यांचं संभाजीचरित्र आलं १९६० साली. कादंबरी संपवून मी ते हाती घेतलं, आणि साधनचिकित्सा म्हणजे काय ते मला तिथे खऱ्या अर्थाने कळलं.

एम.ए.ला मात्र मी ग्रँटचे प्रश्न त्याच्यावरच उलटवू लागले. ज्या चेहऱ्यावरून त्याचा संशय सुरू होतो, ते नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतलं चित्र सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. रिचर्डला डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने ते काढलेलंच नाही. दुसरं असं, की डॉमिनिक मॅन्सिनी हा इटालियन १४८३मध्ये लंडनमध्ये होता. मुलं लंडनच्या टॉवरमध्ये दिसेनाशी होत गेली, त्यांचं बरंवाईट झाल्याची शंका लोक तेव्हाच घेत होते, असं त्याने त्याच वर्षी लिहून ठेवलं. हे वृत्त १९३६ साली छापून झालं होतं, तरी ग्रँटच्या तपासात त्याला जागा नाही. ट्यूडरांच्या लेखणीशी काडीचा संबंध नसलेला हा साक्षीदार कादंबरीने बोलावलाच नाही, ही तिची सर्वांत मोठी उणीव.

सांगाड्यानेही दोन्ही पक्षांना पुरतं खरं ठरवलं नाही. शेक्सपिअरचा कुबडा, वाळलेल्या हाताचा रिचर्ड खोटा निघाला. पण एक खांदा वर, एक खाली, हे एका जुन्या लेखकाचं वर्णन खरं निघालं. रिचर्डला पूर्ण निर्व्यंग मानणाऱ्या त्याच्या कैवाऱ्यांना ते पचवावं लागलं. २६ मार्च २०१५ला लेस्टर कॅथीड्रलमध्ये त्याचं सन्मानाने दफन झालं. त्याला शोधण्यासाठी झटलेल्या फिलिपा लँग्ली यांनी २०२३मध्ये मुलं वाचल्याचा दावा केला, तो बहुतेक इतिहासकारांना पटलेला नाही. १६७४ साली टॉवरच्या जिन्याखाली सापडलेली आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवलेली हाडं त्या मुलांचीच आहेत का, याची डीएनए तपासणी अजून झालेली नाही.

तरीही इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एकच कादंबरी सुचवायची झाली तर मी हीच सुचवेन. कोण सांगतोय, कधी सांगतोय आणि त्यात त्याचा लाभ काय, हे तीन प्रश्न इतक्या गोडीने दुसरं कुठलंही पाठ्यपुस्तक शिकवत नाही. फक्त शेवटचं पान मिटलं की मॅन्सिनीही वाचा. त्याचं वृत्त छोटंसंच आहे.