एक वाळवंट, दोन कालवे

वाळवंटात थेंब थेंब वाचवून शेती म्हटलं की आपली गाडी थेट इस्रायललाच जाऊन थांबते. शाळेतल्या निबंधापासूनची सवय! या खेपेला जरा जवळ, राजस्थानात जाऊ या. थरच्या वाळवंटात दोन मोठे कालवे आले. दोन्हींनी पाणी आणलं, पण पुढे घडलं ते अगदी वेगवेगळं.

पहिला इंदिरा गांधी कालवा. काम सुरू झालं १९५८ मध्ये. पंजाबातल्या हरिकेहून सतलज-बियासचं पाणी वाळवंटाकडे निघालं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ढगांकडे बघत बाजरी पेरली, त्यांच्या बांधावर पाणी आल्यावर त्यांनी काय केलं असेल? तुम्ही-आम्ही केलं असतं तेच. शेत भरेपर्यंत पाणी सोडलं. पण हनुमानगढ, श्रीगंगानगरच्या काही भागांत जमिनीखाली जिप्समचा कडक थर आहे. पाणी खाली मुरेना. ते साचत साचत वर आलं, सोबत क्षार घेऊन. शेतांच्या दलदली झाल्या. तिकडे याला ‘सेम’ म्हणतात. वाळवंटातला शेतकरी उठला तो पाण्यामुळे!

दुसरा कालवा नर्मदेचा. सरदार सरोवराचं पाणी गुजरात ओलांडून, तब्बल ४५८ किलोमीटरचा प्रवास करून २००८ मध्ये जालोर जिल्ह्यात शिरलं. राजस्थानचा वाटा नर्मदा लवादाने १९७९ मध्येच ठरवून दिलेला: पाच लाख एकर-फूट, म्हणजे पाच लाख एकरांवर फूटभर उभं राहील एवढं पाणी. जुन्या पद्धतीने त्यात १ लाख ३५ हजार हेक्टर भिजले असते. पण इथे नियमच केला, की पाट फोडून पाणी द्यायचं नाही. तुषार किंवा ठिबकच हवं. तेवढ्याच पाण्यात लाभक्षेत्राचा आराखडा २ लाख ४६ हजार हेक्टरांवर गेला.

आता यातली खरी गंमत नियमात नाही, ‘डिग्गी’त आहे. कालव्याचं पाणी आधी या मोठ्या हौदात पडतं. तिथून पंप, जमिनीखालून पाइप आणि थेट शेताच्या तोंडाशी जोडणी. फवाऱ्याचा संच शेतकऱ्याचा. पंप आणि विजेचं बिल त्या हौदावरच्या सगळ्यांचं मिळून. जिरं, इसबगोल, मोहरी अशी रब्बीची पिकं यावर निघतात.

हौदाने एवढा काय फरक पडतो? विचार करा, तुमच्या हॉस्टेलला पाणी आठवड्यातून एकदाच आलं, तर तुम्ही बादल्या, बाटल्या, अगदी डबेसुद्धा भरून ठेवाल ना? शेतकऱ्याचंही तसंच. पुढची पाळी कधी, याचा भरवसा नसला की तो मिळेल तेवढं पाणी जमिनीत ओतून ठेवतो. जवळ साठा असला, तर रोज थोडं देणं परवडतं. म्हणून ‘शेतकऱ्यांमध्ये जनजागृती हवी’ हे पालुपद ऐकलं की मला हसू येतं. घरोघरी टाकं बांधून पावसाचा थेंब न्‌ थेंब साठवणाऱ्या मुलखाला पाण्याची किंमत आपण शिकवायची? आता इंदिरा गांधी कालव्याच्या पट्ट्यातही शेतात डिग्गी बांधायला सरकार अनुदान देतं.

अर्थात सगळं गोडगोड नाही. फवाऱ्याला वीज लागते. वाळवंटातला वारा अर्धी फवारणी भलतीकडेच नेतो. आणि मोठा प्रश्न वेगळाच आहे: वाचलेलं पाणी जातं कुठे?

बाडमेर-जालोरमध्ये डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्यात. वाण कुठला, तर आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘भगवा’! झाडागणिक ठिबकची नळी आहे, त्यामुळे प्रत्येक झाडाला पाणी कमीच लागतं. पण जिथे पावसावरची बाजरी होती तिथे आता बारमाही बाग आहे, आणि बऱ्याच ठिकाणी पाणी बोअरवेलचं. नळी काटकसर करते, बाग वाढत जाते, बोअर खोल जातं. जगभर हेच दिसतंय. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात संशोधकांनी याला विरोधाभासच म्हटलं.

डाळिंबवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोन पैसे मिळतात म्हणून तर तो ठिबककडे वळला. फरक एवढाच, की कालव्यातून राजस्थानला किती पाणी मिळणार, हे १९७९ मध्येच कागदावर ठरलं होतं. जमिनीखालचं किती उपसायचं, हे अजून ज्याचा बोअर तोच ठरवतो.