थायरॉइडच्या नावावर किती किलो?

‘टीएसएच वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली, आता रिपोर्ट नॉर्मल येतो; मग वजन का उतरत नाही?’ वाचकांच्या पत्रांत हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत भेटतो आणि विचारणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या आठ ठिकाणच्या शहरी पाहणीत (त्यात मुंबई आणि गोवाही होते) सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइड मंदावलेली आढळली होती. म्हणजे दुखणं घरोघरचं आहे. म्हणूनच आधी सरळ उत्तर देतो. थायरॉइड मंदावल्यामुळे वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलोंच्या घरात असतं आणि त्यातला मोठा वाटा चरबीचा नसतोच. तो पाण्याचा असतो.

हे पाणी येतं कुठून? थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की त्वचेखाली हायलुरोनिक आम्लासारखे पदार्थ साठू लागतात. सब्जाचं बी जसं स्वतःभोवती पाणी धरून फुगतं, तसे हे पदार्थ पाणी धरून बसतात. म्हणून पापण्या जड होतात, चेहरा भरल्यासारखा दिसतो, अंगठी बोटात रुतते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाय सुजले तर बोटाने दाबल्यावर खळगा उरतो. या सुजेत तो सहसा उरत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०११ साली अशा रुग्णांची उपचाराआधी आणि उपचारानंतर शरीररचना मोजली. वजन सरासरी चार किलोंच्या आसपास उतरलं होतं, पण चरबी जवळपास होती तेवढीच राहिली. गेलं ते पाणी.

याला दुसरी बाजूही आहे. टीएसएच म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक; ग्रंथी मंदावली की त्याचा आकडा वाढतो. पण लठ्ठपणामुळेही टीएसएच थोडा वर सरकतो आणि वजन उतरवलं की तो खाली येतो. त्यामुळे किंचित वाढलेला आकडा पाहून ‘थायरॉइडमुळे जाडी आली’ असा निष्कर्ष काढला, तर कधी कधी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. ‘थायरॉइड डाएट’ आणि वजन उतरवण्याची पॅकेजं विकणारे हे सांगत नाहीत. ग्रंथी ठणठणीत असताना बारीक होण्यासाठी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची गोळी, घेणं तर सरळ धोक्याचं आहे: हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडं झिजतात.

मग या आजारात काट्यावरच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं काय? त्यासाठी १८९१ सालच्या इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जायला हवं. जॉर्ज मरे हा विशीतला डॉक्टर. त्याच्याकडे ४६ वर्षांची एक बाई आली होती. चेहरा सुजलेला, बोलणं संथ, थंडी सहन होत नाही. हा आजार ओळखीचा झाला होता, पण त्यावर इलाज नव्हता. मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून टोचावा, असं मरेने स्थानिक वैद्यकीय सभेत सुचवलं, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदाने त्याची टर उडवली: मग मज्जारज्जूच्या आजारावर मज्जारज्जूचा लगदा टोचाल का? मरे डगमगला नाही. त्याने अर्क ग्लिसरीनमध्ये तयार केला आणि कातडीखाली टोचायला सुरुवात केली.

काही महिन्यांत सूज उतरली. पण मरेच्या टिपणात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. बाई भराभर बोलू लागली, स्मरणशक्ती सुधारली, चालताना घाम येऊ लागला, पाळी नियमित झाली, थंडी बाधेनाशी झाली. ती आणखी २८ वर्षं जगली आणि १९१९ मध्ये ७४व्या वर्षी वारली. तोवर तिच्यासाठी ८७०हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या! मरेच्या प्रयोगाच्या पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, हे औषध तोंडाने दिलं तरी चालतं हे कळलं. एडवर्ड फॉक्स या डॉक्टरने तर मेंढीची अर्धी ग्रंथी हलकी तळून, जेलीबरोबर आठवड्यातून एकदा खायला सांगितली होती.

या कथेत लिस्बनच्या बेतेनकूर आणि सेरानो यांचं नाव फारसं कोणी घेत नाही. त्यांनी १८९० मध्येच मेंढीची थायरॉइड एका रुग्ण स्त्रीच्या त्वचेखाली बसवली होती. तिला लगेच बरं वाटलं. बसवलेल्या ग्रंथीला रक्तपुरवठा मिळायला वेळ लागतो, तेव्हा हा गुण ग्रंथीतल्या रसाचाच असणार, हे त्यांनी ओळखलं. मरेची कल्पना याच धाग्यावरून पुढे गेली. निम्मं श्रेय तरी या दोघांना द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा काटा थोडा बाजूला ठेवून शरीराकडे पाहा. नाडी मंदावते. यकृत रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल पुरेसं उचलत नाही, म्हणून ते वाढतं आणि रक्तवाहिन्यांना त्रास देतं. बद्धकोष्ठता, केस गळणं, उदासी हे सगळं ‘वयामुळे’ म्हणून खपून जातं. डॉक्टर टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारतात, तेव्हा पाऊल झटकन हलतं, पण मूळ जागी परतताना रेंगाळतं. आजार बळावला असेल तर हे नुसत्या डोळ्यांना दिसतं.

आपल्याकडे एक साखळी फार दिसते. थायरॉइड मंदावल्याने पाळीत रक्तस्राव जास्त होतो, रक्त कमी होतं, लोहाची गोळी सुरू होते आणि सकाळी दोन्ही गोळ्या एकाच घोटात घेतल्या जातात. लोह थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून टाकतं. कॅल्शियमही तेच करतं. म्हणून थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने करावा आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या निदान चार तासांनी घ्याव्यात. थायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायलाच सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलल्यावर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी केली तरच ती खरं सांगते.

गोळी चालू असलेल्या स्त्रीला दिवस गेल्याची शंका आली, तर तिने पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचा मेंदू आईच्याच थायरॉक्सिनवर वाढत असतो आणि या काळात डोस बहुधा वाढवावा लागतो. पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावं.