आधी समेट, मग अर्पण

मत्तय 5:23-24 वाचताना एक गोष्ट सहज निसटते. प्रभू येशू हे वचन गालीलात बोलला आणि अर्पणाची वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात, शंभराहून अधिक किलोमीटरवर! तिथे पोचल्यावर भावाचं मन आपल्यामुळे दुखावल्याचं आठवलं, तर अर्पण ठेवून कित्येक दिवसांची पायपीट करत माघारी जायचं. राग त्याच्या मनात असला, तरी पहिलं पाऊल आपलं.

आमच्या घरी शनिवारी रात्री अर्पणाचं पाकीट भरताना प्रत्येक जण स्वतःला विचारतो, या आठवड्यात मी कोणाला दुखावलं? नाव आठवलं की आधी फोन. "परवा माझं चुकलं, माफ कर," एवढं पुरतं.

या रविवारी चर्चला निघण्याआधी तुम्हीही असा एक फोन नक्की करा.