मचाण, खोगीर आणि कमरेचा दोर



मचाण म्हटले की आपणा खानदेशवासीयांच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक, ज्वारीच्या शेतातले मचाण आणि त्यावर गोफण घेऊन उभा असलेला राखणदार. दुसरे, सातपुड्यातल्या साहेबी शिकारीचे. त्या शिकारीच्या हकिगतींत बंदूक धरणाऱ्याचे नाव येते. रात्रीतून मचाण बांधणाऱ्या भिल्ल-पावरा मजुरांचे येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. परंतु झाडावर चढणे काही बंद झाले नाही. रानडुकरांपासून पीक राखावे लागते, चिंचा-आंबे उतरवावे लागतात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरचे प्राणी मोजायला लोक मचाणावर बसतात.

अमेरिकेत हरणांची शिकार अजून कायद्याच्या चौकटीत चालते. तेथील शिकारी झाडाला लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची मचाण अडकवून बसत. तिचे ओझे पाठीवरून जंगलात न्यायचे, आणि एवढे करून पडण्याचे अपघात पुष्कळ. म्हणून अलीकडे त्यांपैकी अनेकांनी मचाण सोडून ‘झाडाचे खोगीर’ पत्करले आहे. नाव ऐकून हसू येईल, पण ही खोगीरभरती नव्हे.

हे खोगीर म्हणजे मजबूत नायलॉनचा रुंद पट्टा. तो झोपाळ्याच्या पाटासारखा बैठकीखाली येतो. वजन किलोभराच्या आसपास. दोन्ही कमरांपासून निघालेली आखूड दोरी पुढे एका कडीत येते, आणि ती कडी खोडाला डोक्याच्या उंचीवर बांधलेल्या दोराला जोडतात. माणूस खोडाकडे तोंड करून मागे रेलतो. पाय एका लहानशा पायरीवर टेकतात. चढताना खोडाभोवती आणखी एक दोर असतो. त्याला तिकडे लाइनमनचा दोर असेच म्हणतात! विजेच्या खांबावर पट्टा बांधून काम करणारा आपला लाइनमन आठवा. तत्त्व तेच आहे.

काही वर्षांपूर्वी चिंचा झोडपायला चढलेला एक मजूर फांदी मोडून पडला व कमरेतून अधू झाला. भरपाई मागायला आम्ही गेलो, तेव्हा ठेकेदार म्हणाला, “फांदीच कच्ची निघाली, आमचा काय दोष?” या उत्तरावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. फांदी कधीतरी कच्ची निघणारच. मचाणाची फळीही कधीतरी सरकणारच. खरा प्रश्न असा की, ती मोडल्यावर माणसाला धरणारे दुसरे काही होते काय? मचाणावर आपण फळीच्या भरवशावर असतो. खोगिरात माणूस स्वतःच झाडाला बांधलेला असतो आणि त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. सारा फरक एवढाच, आणि तो जिवाएवढा मोठा आहे.

मात्र कोणालाही हरभऱ्याच्या झाडावर चढविण्याचा आमचा हेतू नाही. दोर जमिनीवर असतानाच बांधावा आणि उतरेपर्यंत सोडू नये. तो नेहमी ताणलेला ठेवावा. ढिला राहिला तर घसरताना जबर हिसका बसतो. नायलॉन उन्हाने कमकुवत होतो, म्हणून जुना दोर निर्दयपणे टाकून द्यावा. वाळलेले खोड आणि ठिसूळ शेवगा वर्ज्य. प्रथम कमरेइतक्या उंचीवर सराव करावा. एकट्याने चढू नये, कारण पट्ट्यात निश्चल लटकून राहिल्यास पायांतले रक्त परत फिरत नाही व माणूस बेशुद्ध पडतो. त्याला लवकर उतरवणारा खाली हवा.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचे ३२ वे कलम सांगत असे की, उंचावर काम करणारा पडू नये अशी तजवीज मालकाने करावी. गिरणीच्या फाटकाबाहेर, चिंचेच्या झाडापाशी, हे कलम पोहोचत नव्हते. तेथे ती तजवीज आपणच पोचवली पाहिजे. आपल्यापैकी ज्यांच्या मळ्यात झाडे आहेत त्यांनी यंदा मजूर वर चढण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: “दोर बांधलास का?” आणि त्याच्यापाशी दोर नसेल, तर तो आपण द्यावा.