आगगाडी, उगिबंडी आणि एक चुकलेला निकाल

मराठीत आपण आगगाडी म्हणतो. माझे कन्नड वर्गमित्र तिला उगिबंडी म्हणतात. उगि म्हणजे वाफ. त्यांच्यातली जुनी माणसे होगेबंडी असेही म्हणतात. होगे म्हणजे धूर. एकाच गाडीला कोणी विस्तवाचे नाव दिले, कोणी वाफेचे, तर कोणी धुराचे. गेल्या वर्षी मी मात्र धुरापलीकडे काही पाहिले नाही आणि एका मुलावर अन्याय केला. त्या चुकीतून जे शिकलो, ते वाचकमित्रांपुढे मांडतो.

आमच्या छंद-प्रदर्शनात वाफेच्या इंजिनाची दोन छोटी मॉडेल्स आली होती. परीक्षकांत विद्यार्थी-प्रतिनिधी म्हणून मी होतो. पहिले इंजिन परदेशाहून आणलेले, शिट्टी वाजवणारे, भरपूर धूर सोडणारे. दुसरे जुने, कुणाकडून तरी विकत घेऊन पहिल्या वर्षाच्या एका मुलाने स्वतः दुरुस्त केलेले. ते ना आवाज करी, ना धूर सोडी. टेबलावरून नुसते हळूहळू जाई. मी पहिल्याला पहिला क्रमांक दिला. दुसऱ्याला उत्तेजनार्थही काही दिले नाही. तो मुलगा काही न बोलता इंजिन रुमालात गुंडाळून निघून गेला.

माझे आजोबा प्रदर्शन पाहायला आले होते. तरुणपणी ते मीटरगेजच्या इंजिनावर फायरमन होते. घरी आल्यावर चहा घेता घेता म्हणाले, "धूर बघून नंबर दिलास होय रे? धूर तर ओल्या लाकडाची चूल पण सोडते की!" मला राग आला. पण पुढे दोन-तीन रविवार त्यांच्याजवळ बसून विचारले, थोडे वाचले, आणि राग स्वतःवरच वळला.

प्रथम धुराचेच घेऊ. खऱ्या इंजिनात सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ एका नळीने धुराड्याखाली जोराने सोडतात. ती वर जाताना भट्टीतील वायू ओढून नेते, त्यामुळे निखाऱ्यांतून नवी हवा खेचली जाते. म्हणजे 'भक्' हा आवाज, धुराचा झोत आणि विस्तवाला मिळणारी हवा ही एकाच क्षणाची तीन रूपे आहेत. काळाकुट्ट धूर म्हणजे न जळता वाया चाललेला कोळसा. आजोबा सांगतात, "काळा धूर निघाला की ड्रायव्हर माझ्याकडे डोळे वटारून बघायचा." चांगल्या फायरमनच्या धुराड्यावर फिकट करडी छटा तेवढी दिसते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे लगेच कळावे: काळा धूर ही खर्चाची बाजू आहे, मी ती जमेला धरली होती.

मॉडेलमधला धूर हा खरा धूर नव्हेच. धुराड्यात एक बारीक नळी असते, तिच्यात हलके तेल घालतात, विजेच्या तारेने ते तापते, आणि त्याची वाफ थंड होऊन पांढरे धुके दिसते. साध्या रचनेत हे धुके उदबत्तीसारखे एकसारखे वर जाते. चांगल्या रचनेत छोटा पंखा असतो आणि तो प्रत्येक भकभकीबरोबर झोत सोडतो. तेव्हा धूर किती आहे हे न पाहता तो चाकांबरोबर येतो का हे पाहावे. शिवाय हे तेल थोडेथोडे रुळांवर बसते. मॉडेलला वीज रुळांतून चाकांवाटे मिळते. रूळ तेलकट झाले, त्यावर धूळ चिकटली, की वीज तुटक मिळू लागते. आमचे पहिल्या क्रमांकाचे इंजिन दुसऱ्या दिवशी दुपारी जागोजाग अडू लागले, त्याचे कारण हेच असावे.

आता आवाज. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक दट्ट्या पुढे जातानाही काम करतो आणि मागे येतानाही. म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा वाफ सुटते: चार भकभकी. आपल्या मीटरगेजवरच्या वाय.जी. जातीच्या इंजिनाचे मोठे चाक १२१९ मि.मी. व्यासाचे होते, एका फेऱ्यात ते सुमारे ३.८३ मीटर जाई. ताशी १० कि.मी. वेगाला सेकंदास सुमारे तीन भकभकी येतात, त्या मोजता येतात. ताशी ६० ला त्या सतरा होतात आणि कानाला एकच घरघर ऐकू येते. मॉडेलच्या चाकावर खडूची खूण करा, इंजिन अगदी हळू चालवा आणि मोजा. प्रदर्शनात आजोबांनी खडूवाचूनच मोजले होते. "एका फेऱ्याला दोनदाच भकभक. एका सिलिंडरवर चालालंय काय हे?" असे ते पुटपुटले होते, आणि मला ती थट्टा वाटली होती.

दुसरी खूण अशी की चढावर खरे इंजिन जड आवाज करते, आणि ड्रायव्हरने वाफ बंद केली की भकभक थांबून दांड्यांची खटखट उरते. सगळीकडे एकच सूर लावणारे मॉडेल म्हणजे पाठ केलेले भाषण. मात्र एका बाबतीत मॉडेलला क्षमा करावी. सुमारे ३० सें.मी. लांबीच्या, एका बाजूने बंद नळीत हवा फुंकली तर सेकंदाला सुमारे २८० कंपने होतात. तीच नळी ८७ पटींनी लहान केली तर कंपने चोवीस हजारांवर जातात. आपला कान वीस हजारांपलीकडे ऐकत नाही! म्हणजे शिट्टी मापात लहान करून चालत नाही. आवाज मुद्रित करून घालावाच लागतो.

शेवटी चाल, आणि खरे पाहता तीच पहिली. १:८७ या प्रमाणाला एच.ओ. म्हणतात, पुण्यात कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयातील गाड्या याच प्रमाणात आहेत. या मापात ताशी २० कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे ६.४ सें.मी.; एक मीटर जायला जवळजवळ सोळा सेकंद. घड्याळ लावून पाहा. पळणे सोपे असते, हळू चालणे अवघड. इंजिन झटका न देता सुटते का, सांध्यावर थबकते का, वळणावर आणि उलट्या दिशेलाही तसेच जाते का, हे पाहावे. ते प्रत्येक फेऱ्यात एकदा लंगडत असेल, तर बहुधा डाव्या-उजव्या चाकांमधील ९० अंशांचा कोन बिघडलेला असतो. मग दांड्या अडतात. हा कोन हाताने जुळवणे हे फार चिकाटीचे काम आहे.

त्या मुलाला मी शोधून काढले. इंजिन लंगडत होते का, असे विचारले. "हो, चार रात्री चाके काढून बसवत होतो," तो म्हणाला. मी माझी चूक कबूल केली. तो हसला आणि म्हणाला, "निकाल राहू दे. तुझ्या आजोबांना एकदा दाखवायचंय."

झालेला निकाल बदलता येत नाही. पण यंदाच्या परीक्षकांसाठी मी एक गुणपत्रक करून दिले आहे: चालीला ५०, आवाजाला ३०, धुराला २०. आणि त्या मुलाने इंजिन आमच्या घरी आणले. आजोबांनी चष्मा पुसला, टेबलाला कान लावला, एक अख्खी फेरी ऐकली आणि म्हणाले, "हे खरं चाललंय."