साहेब घरी, मग खिडकीवर कोण?

राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला. महिना उलटण्याच्या आत टाळेबंदी आली आणि शासकीय कचेऱ्यांतील हजेरी ५ टक्क्यांवर आणली गेली. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना वर्षातून १५ दिवस घरून काम देण्याचा मसुदा काढला. साथ सरली, प्रश्न मात्र राहिला. उद्या बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतील कचेऱ्यांत ही पद्धत आली, तर कष्टकरी माणसाच्या पदरात काय पडेल?

पहिली गोष्ट अशी की, सगळ्यांचेच काम घरी जात नाही. टिपणी लिहिणाऱ्याचे जाईल. शिपाई, पहारेकरी, दवाखान्यातील आया आणि सफाई कामगाराचे जाणार नाही. साथीतही गटारे उपसायला माणसेच गेली. त्यांत आपले भाऊ-बहिणी किती होते, हे आम्ही सांगायला नको. घरी बसण्याची सोय एकाला असेल, तर बाहेर राबणाऱ्याला मोजे, मुखपट्टी आणि वेळेवर पगार हा हक्काने मिळाला पाहिजे.

दुसरी अडचण कागदाची. जुने दप्तर कपाटात आणि कपाट कचेरीत! ते संगणकावर चढल्याशिवाय कारकून घरून काय करणार? शिवाय गोपनीय कागद घरी हाताळू नयेत, असे केंद्राच्या मसुद्यातच म्हटले होते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या आई-बापांना मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण त्या घरात येतात दाखल्याच्या रूपाने. अर्ज संगणकावर भरता येतो. त्यात त्रुटी निघाली की समजावून सांगणारा माणूस समोर लागतो. तो घरी आणि त्याचा फोन बंद, तर एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या बाईने कोणाकडे पाहावे?

नोकरी करणाऱ्या आपल्या लेकीसुनांचाही विचार हवा. दोन खोल्यांच्या घरात चूल, मुले आणि कचेरी एकत्र आली की कामाला वेळेची मर्यादा राहत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखान्यातील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामाच्या तासांना कुंपण लागते, हा त्यातला धडा घरच्या कचेरीलाही लागू आहे.

घरून कामाला आमचा विरोध नाही. मात्र आधी दप्तर संगणकावर यावे, तास ठरावेत आणि प्रत्येक तहसिलीत जनतेची खिडकी रोज उघडी राहावी. वाचकांनीही एक लक्षात ठेवावे: २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्याला मुदत घातली आहे आणि अर्ज नाकारला तर लेखी कारण देणे बंधनकारक केले आहे. म्हणून अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

जय भीम!